हवेत उभे राहायला शिकताना

हेलिकॉप्टर आकाशात एका जागी थांबले की आपली वर्तमानपत्रे 'हेलिकॉप्टर घिरट्या घालीत होते' असे छापून मोकळी होतात. घिरट्या घालते ती साधी घार. माळरानावरची पांढुरकी कापशी घार मात्र गवतात उंदीर दिसला की पंख फडफडवीत हवेत एकाच ठिकाणी उभी राहते. हेलिकॉप्टरवाले या उभे राहण्याला 'हॉवर' म्हणतात. घिरट्या वेगळ्या आणि हॉवर वेगळे, हे मला गेल्या वर्षी शिकावे लागले आणि त्यापायी पात्यांच्या तीन जोड्या मोडाव्या लागल्या.

यंत्र माझ्या मामांचे. मामांचे टीव्ही-दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओवर चालणारे हे छोटे हेलिकॉप्टर त्यांनी कोणाकडून तरी जुनेच घेतले, स्वतः दुरुस्त केले आणि काही वर्षे हौसेने उडवले. पुढे त्यांचा उजवा हात कापू लागला आणि हेलिकॉप्टर माळ्यावर गेले. मे महिन्याच्या सुट्टीत मी ते खाली काढले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "घेऊन जा. मोडलंस तर मोडलं म्हणून सांगायला मात्र ये."

यंत्राचे वजन किलोच्या आत, पात्यांच्या चक्राचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. पाती मिनिटाला साधारण २२०० फेरे घेतात. हिशेब मांडला तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या घरात जातो. याला खेळणे म्हणून हसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मैदानात मुले असतील तर बॅटरी जोडूच नये.

आता या यंत्राची तऱ्हा पाहा. मोठी पाती वरून पाहिली असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. म्हणून खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला अडवण्यासाठी शेपटीवर लहान पंखा असतो. तो शेपटी डावीकडे रेटतो, पण रेटताना सगळे हेलिकॉप्टरच डावीकडे सरकवतो! म्हणून बिनवाऱ्याच्या पहाटेसुद्धा ते उजवीकडे किंचित कलते ठेवावे लागते. सरळ उभे राहायचे तर थोडे वाकडे उभे राहावे लागते, असा हा प्रकार आहे.

हातातल्या पेटीवर दोन दांड्या असतात. डावी दांडी वरखाली केली की पात्यांचा कोन बदलून यंत्र चढते-उतरते. तीच आडवी हलवली की नाक वळते. उजव्या दांडीने पात्यांचे चक्र पुढेमागे, डावीउजवीकडे कलते. (काहींच्या पेटीत ही वाटणी वेगळी असते.) शेपटीला जायरो जोडलेला असल्याने नाकाची काळजी बरीचशी तोच वाहतो. ज्यांनी जायरो नसताना हे यंत्र उडवले, त्यांचे अंगठे कसले असतील याची मला कल्पना करवत नाही.

खरी मेख उजव्या दांडीत आहे. मोटारीचे चाक सरळ केले की मोटार सरळ धावते. इथे तसे होत नाही. यंत्र डावीकडे कलले म्हणजे ते डावीकडे सरकू लागते आणि कल आहे तोवर वेग वाढतच जातो. आपण घाईघाईने कल काढला, तरी मिळालेला वेग सहजासहजी जात नाही; यंत्र सरकतच राहते. ते थांबवायला उजवीकडे कलवावे लागते आणि थांबता थांबता पुन्हा सपाट करावे लागते. उशीर झाला तर ते उजवीकडे पळू लागते. मग आणखी मोठी दुरुस्ती, तिच्यावर आणखी मोठी, आणि शेवटी मातीत पाते.

तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. काठी पडू लागलेली दिसल्यावर हात हलवला तर ती हमखास पडते. ज्याला साधते त्याचा हात कधी थांबतच नाही. लांब काठी तोलणे सोपे, पेन्सिल तोलणे महाकठीण, हेही आपल्याला ठाऊक आहे. हेलिकॉप्टरचे तसेच आहे. जितके लहान तितके चपळ आणि नवशिक्याला तितके वाईट.

मामांच्या यंत्रावर मोठ्या पात्यांना काटकोनात एक आडवी दांडी आहे. तिच्या टोकांना वल्ह्यासारखे दोन लहान पंख आहेत. १९४० च्या दशकात अमेरिकेत आर्थर यंग यांनी बेल कंपनीच्या हेलिकॉप्टरसाठी फिरती स्थिरदांडी बसवली, तर स्टॅन्ली हिलर यांनी वल्ह्यांची युक्ती काढली. मॉडेलच्या दांडीत या दोघांचा संगम झालेला आहे. तिच्यामुळे चक्राचे कलणे थोडे मंदावते आणि माणसाच्या बोटांना विचार करायला क्षणभर मिळतो. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास रेडिओवर चालणारे मॉडेल हेलिकॉप्टर भरवशाने उडवून दाखवले, त्यालाही अशी दांडी होती. हल्लीच्या यंत्रांतून ती गेली आहे. तिचे काम इलेक्ट्रॉनिक जायरो करतात. चार पंख्यांचे ड्रोन तर उपग्रहांच्या मदतीने आपले आपणच एका जागी उभे राहते. "मग तू ही कसरत कशाला करतोस?" असे वर्गातल्या मित्राने विचारले. मी म्हटले, मामांच्या माळ्यावर ड्रोन नव्हते.

शिकण्याची रीत जुनी आहे. ईगोर सिकोर्स्की यांनी १९३९ च्या सप्टेंबरात आपले व्हीएस-३०० हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचलले ते दोरांनी बांधून ठेवून. चालक ते स्वतःच होते. आम्ही दोर बांधत नाही. यंत्राच्या पायांखाली दोन लांब काठ्या फुलीसारख्या बांधतो आणि टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू लावतो. यंत्र वाकडे टेकले तरी त्यामुळे उलटत नाही. दिसायला ते पाणकिड्यासारखे दिसते. माझी पहिली जोडी मोडली ती या काठ्या 'भित्र्यांसाठी' आहेत असे वाटल्यामुळे.

शेपटी आपल्याकडे ठेवून पाच-सहा पावले मागे उभे राहावे. म्हणजे यंत्राचे डावे ते आपले डावे. आधी नुसते जमिनीवर घसरवावे, मग वीतभर उड्या माराव्यात. दुसरी जोडी मी या वीतभर उंचीवरच मोडली. जमिनीजवळ आहे तोवर धोका कमी, असे मनाला वाटते. पण तिथे पात्यांचा वारा जमिनीवर आपटून यंत्राला डुचमळवतो. छातीइतक्या उंचीवर गेले की ते एकदम शहाणे होते. हे सांगितलेले पटते, पण अंगठ्याला पटायला महिना लागतो.

दुसरी सवय डोळ्यांची. नवशिका शेपटीकडे पाहतो, कारण ती जवळ असते. पण नाक उजवीकडे वळले की शेपटी डावीकडे जाते आणि अंगठा फसतो. नजर नाकावर आणि पात्यांच्या चक्राच्या कलण्यावर ठेवावी. यंत्र सरकलेले दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. कलताना दिसले तेव्हाच बोटाने हळूच उत्तर द्यायचे. संगणकावर याचा सराव करता येतो आणि तो करावाच. मात्र तिथे भीती शिकवली जात नाही. खऱ्या यंत्राचा आवाज ऐकला की अंगठे लाकडासारखे होतात.

आणि हो, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आपले मैदान नकाशावर कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते आधी पाहून घ्यावे. विमानतळाच्या आसपास हा खेळ नकोच.

तिसरी जोडी मोडल्यावर मामांनी मला आपल्या टेबलाशी बसवले. नव्या पात्यांचे वजन सारखे आहे का, ती एकाच पातळीत फिरतात का, हे कसे तपासायचे ते तोंडी सांगितले. स्क्रू मात्र माझ्याकडूनच पिळून घेतले. जानेवारीत एका सकाळी मी त्यांना कॉलेजच्या मागच्या मैदानावर घेऊन गेलो. वारा नव्हता. छातीच्या उंचीवर यंत्र उभे राहिले. म्हणजे हातभर इकडे, हातभर तिकडे, पण उभे. दोन मिनिटे झाली असतील. मी कौतुकाच्या अपेक्षेने हळूच पाहिले, तर मामा हेलिकॉप्टरकडे पाहतच नव्हते. ते माझ्या अंगठ्यांकडे पाहत होते.

"थांबत नाहीत," ते म्हणाले. "बरंय. आता तोंड आपल्याकडे फिरव."

यंत्राचे तोंड आपल्याकडे आले की त्याचे डावे ते आपले उजवे होते, पुढचे ते मागचे होते. त्यावर एक तोडगा आहे: चक्राची जी बाजू खाली झुकेल, तिला टेकू दिल्यासारखी दांडी त्याच बाजूला न्यायची. तो मामांनी मला टेबलाशी दोनदा सांगितला होता. मी तोंड फिरवले. चौथी जोडी पुढच्या आठवड्यात येते आहे.