खोलीतला मुका फ्रिज

हॉटेलच्या खोलीतला मिनीबारचा फ्रिज रात्री घरघरत नाही, कारण त्यात अनेकदा कॉम्प्रेसरच नसतो. तिथे गारवा तयार होतो तो, गंमत म्हणजे, उष्णतेतून! विजेचा हीटर पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपात बाहेर काढतो. तो निवून द्रव होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना फ्रिजच्या आतली उष्णता शोषून घेतो. मग पाणी त्याला परत पोटात घेतं. हलणारा सुटा भाग एकही नाही. १९२२ साली स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली. शांततेची किंमत मात्र मोजावी लागते. हा फ्रिज वीज जास्त खातो आणि गार करतो अगदी सावकाश. संध्याकाळी ठेवलेला कोमट सोडा जेवणापर्यंत थंडगार होईल, ही आशा सोडा.