विश्लेषण : शेतीसंरक्षण बंदुकीऐवजी मॅगझिनची रायफल का मिळत नाही? बाहेरून मॅगझिन आणून बसवता येते का?

रानडुकरांचा कळप एका रात्रीत भाताचा वाफा उलथून टाकतो आणि माकडांची टोळी नारळाची बाग विरळ करते. मालवण तालुक्यातील तोंडवलीपासून आचऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. त्याच्याकडे परवाना असतो तो बहुधा ठासणीच्या किंवा एकनळी काडतुसाच्या बंदुकीचा. एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत कळप पसार. दुसरीकडे मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांच्या चित्रफिती दिसतात. बोल्ट अॅक्शन रायफल, खाली खटकन बसणारे दहा गोळ्यांचे मॅगझिन, तेही दुसऱ्याच कंपनीचे आणि घरपोच मागवलेले. ‘आपल्याकडे असे का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर काही अंशी यंत्ररचनेत आहे आणि बरेचसे कायद्यात.

मॅगझिन नेमके काय करते?

बोल्ट अॅक्शन रायफलमध्ये प्रत्येक गोळीसाठी बोल्टची मूठ हाताने उचलून मागे ओढावी लागते आणि पुन्हा पुढे ढकलावी लागते. मागे येताना रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे जाताना बोल्ट नवे काडतूस चेंबरमध्ये सारतो. हे नवे काडतूस बोल्टच्या वाटेत नेमक्या उंचीवर आणून ठेवणे, एवढेच मॅगझिनचे काम. पत्र्याची पेटी, तळाशी स्प्रिंग, तिच्यावर काडतुसे वर उचलणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा. डबा साधा दिसतो, पण रायफलीच्या भरवशाचा बराचसा भार त्या दोन कडांवर असतो. त्या किंचित उघड्या असतील तर काडतूस उसळून बाहेर येते आणि जास्त आवळलेल्या असतील तर अडकते. मॅगझिन एक-दोन मिलिमीटर खाली बसले, तर बोल्ट काडतुसावरून नुसता घसरत जातो आणि चाप ओढल्यावर फक्त ‘टक’ ऐकू येते.

भारतीयांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे पोलिसांची जुनी .३०३ रायफल. जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेवर बेतलेल्या या ली-एन्फिल्डचे दहा गोळ्यांचे मॅगझिन काढता येते, पण ते काढून दुसरे लावावे अशी त्यामागची कल्पनाच नव्हती. सैनिकाने पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या वरून दाबून भरायच्या, मॅगझिन मात्र त्याच रायफलीशी जुळवलेले. सुरुवातीच्या काही रायफलींना तर ते हरवू नये म्हणून साखळी असे. त्यामुळे एका ली-एन्फिल्डचे मॅगझिन दुसरीत बसेलच याची आजही खात्री नसते. पहिल्या महायुद्धातील नमुन्याचे मॅगझिन दुसऱ्या महायुद्धातील नमुन्याला चालत नाही. इशापूरच्या कारखान्याने साठच्या दशकात हीच रचना ७.६२ मिमी गोळीसाठी बदलली, तेव्हा मॅगझिन नव्याने आखावे लागले.

भारतात नागरिकाला कोणती रायफल मिळते?

लष्करी गोळीची .३०३ सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. म्हणून सरकारी कारखान्यांनी त्याच घराण्यातील बोल्ट अॅक्शन रायफल .३१५ बोअरमध्ये आणली. तिचे मॅगझिन पाच गोळ्यांचे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. इशापूर, तिरुचिरापल्ली आणि कानपूरचे बंदुकांचे कारखाने तेव्हापासून ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे आहेत.

.३१५ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे राहायला हवी. उलटे झाले की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट जागचा हलत नाही. दुसऱ्या काडतुसासाठी आखलेले मॅगझिन कानस मारून बसवण्याचा उद्योग येथेच फसतो. अडकण्याहून वाईट शक्यताही आहे. चेंबरमध्ये जिवंत काडतूस राहिले असताना बोल्टने दुसरे पुढे ढकलले, तर त्याचे टोक पहिल्याच्या बुडातील कॅपवर आदळते. 

मग परदेशात हे सर्रास कसे चालते?

अमेरिकेत १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० या रायफलीचे मॅगझिन मुळात लाकडी दस्त्याच्या पोटातच होते. पुढे ब्रिटनच्या ‘अॅक्युरसी इंटरनॅशनल’च्या चौकटीसाठी आखलेले काढता येणारे मॅगझिन इतके रुळले, की ते एक अलिखित प्रमाण होऊन बसले. आज अनेक कंपन्या त्याच मापाची मॅगझिन आणि ती बसवण्याच्या चौकटी विकतात. रायफल एकाची, चौकट दुसऱ्याची, मॅगझिन तिसऱ्याचे. माप ठरलेले असल्याने जमते, तरीही टिका किंवा रुगरच्या काही रायफली आपल्याच मापावर अडून राहतात.

तेथेही मुभा सरसकट नाही. कॅनडात पाच गोळ्यांची मर्यादा स्वयंभरण सेंटरफायर रायफलींच्या मॅगझिनला आहे, हाताने चालवायच्या बोल्ट अॅक्शनला नाही. न्यूझीलंडचा अनुभव मात्र कठोर आहे. मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला करणाऱ्याने साध्या परवान्यावर स्वयंभरण रायफली घेतल्या आणि त्यांना मोठी मॅगझिन लावली. रायफल एका वर्गात मोडत होती आणि सुटा भाग तिला दुसऱ्या वर्गात नेत होता, पण तो भाग विकत घेताना कोणी विचारणारे नव्हते. त्या देशाने काही आठवड्यांतच कायदा बदलला. मॅगझिनकडे ‘निव्वळ डबा’ म्हणून पाहणे किती महाग पडते, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

भारतीय कायदा मॅगझिनकडे कसा पाहतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत बंदुकीबरोबर तिचे सुटे भागही येतात. चाप दाबून धरल्यावर मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या झाडत राहणारे शस्त्र या कायद्याने ‘निषिद्ध’ ठरवले आहे. बोल्ट अॅक्शन त्यात बसत नाही, कारण मॅगझिन कितीही मोठे असले तरी प्रत्येक गोळीला हात हलवावाच लागतो. पण म्हणून मार्ग मोकळा होत नाही. कलम ५ नुसार बंदूक बनवणे, विकणे, तिचे रूपांतर करणे, इतकेच काय दुरुस्त करणे यासाठीही वेगळा परवाना लागतो. आयातीचा परवाना कलम १० मध्ये. म्हणजे परदेशी संकेतस्थळावरून मागवलेले मॅगझिन पार्सलने येणे हाच पहिला अडथळा आणि गावातल्या लोहाराकडून ते बसवून घेणे हा दुसरा.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ आणखी कडक झाले. नळी आखूड करण्यासाठी आधीपासूनच परवाना लागत होता. आता २०१६ च्या शस्त्र नियमांतील एका वर्गातून दुसऱ्या वर्गात बंदुकीचे रूपांतर करणेही विनापरवाना गुन्हा आहे. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. झिजलेले मूळ मॅगझिन बदलायचे असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडे परवान्यासह जाणे हाच सरळ रस्ता.

शेतकऱ्याला रायफलच का मिळत नाही?

कलम १३ मध्ये याचे उत्तर जवळजवळ स्पष्ट शब्दांत आहे. पीक संरक्षणासाठी कायद्याला अभिप्रेत असलेले शस्त्र म्हणजे ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक देता येते. नळीत आटे असलेली रायफल या तरतुदीत येत नाही.

हे अन्यायाचे वाटू शकते, पण किनारपट्टीची रचना पाहिली की कारण कळते. समुद्र आणि कालावल खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, माडबागा, पायवाटा आणि होड्या एकमेकांना खेटून आहेत. बारा बोअरच्या छऱ्यांचा जोर काही दहा मीटरांत ओसरतो. रायफलीची गोळी नेम चुकला तर किलोमीटरभर पलीकडे जाते आणि अंधारात पलीकडे कोण आहे हे दिसत नाही. रानडुक्कर समजून माणसावर बार निघाल्याच्या घटना साध्या बंदुकीनेही घडतात.

एकामागून एक बार काढण्याची गरज मात्र खरी आहे आणि तिला कायदेशीर उत्तरही आहे. दुनळी बंदूक किंवा नळीखालीच मॅगझिन असलेली बारा बोअरची पंप अॅक्शन बंदूक. या दुसऱ्या बंदुकीत मॅगझिन कारखान्यातूनच येते, बाहेरून काही जोडावे लागत नाही. अडचण किमतीची आणि परवान्यात बदल करून घेण्यासाठी माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांची. (जाता जाता : स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात मॅगझिन नसतेच. प्रत्येक गोळी हाताने भरायची.)

बंदूक बदलून प्रश्न सुटतो का?

परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही, हे अनेकदा विसरले जाते. आवाज करून पिटाळणे वेगळे आणि मारणे वेगळे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारण्यासाठीही वन विभागाची परवानगी लागते. पहिल्या अनुसूचीतील गव्याबाबत तर पीकनुकसान हे कारणच पुरत नाही.

त्यात निवडणुका. २०२४ मध्ये आचारसंहिता दोनदा लागली, १६ मार्चला आणि १५ ऑक्टोबरला. पहिली वेळ आंबा-काजूची, दुसरी भातकापणीची. अशा काळात परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट जमा न करता जिल्हास्तरीय छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासावे, अशी पद्धत ठरलेली आहे. शेतीसंरक्षणाच्या कारणासाठी सूट हवी असलेल्याने समितीकडे वेळेत अर्ज करणे आणि नुकसानीचे पंचनामे जोडणे उपयोगाचे ठरते. पंचनामा मात्र नुकसान ताजे असतानाच करून घ्यावा लागतो. तुडवलेला वाफा चार दिवसांनी दाखवून काही सिद्ध होत नाही.