मत्स्यबीज मरतंय? आधी पाणी बघा

पावसाळा लागला की बेंबळा, अरुणावती, पूस धरणांवर अन् गावतळ्यांत मत्स्यबीज सोडायची लगबग सुरू होते. बीज मेलं की दोष नशिबाला. पण बिघाड बहुतेकदा हॅचरीच्या पाण्यातच असतो.

कटला, रोहूची अंडी साधारण १४ ते १८ तासांत फुटतात. मेलेली अंडी, टरफलं टाकीत राहिली की सडतात, त्यांवर बुरशी चढते, ऑक्सिजन घटतो. म्हणून पाणी बारीक जाळीतून गाळलेलं अन् सतत वाहतं हवं. सामू ७ ते ८.५, ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम. एका टाकीची जाळी न धुता, न वाळवता दुसरीत बुडवणं म्हणजे रोग हाताने पोचवणं. बीज घेताना टाकीचं पाणी हुंगा. कुजका वास आला तर सरळ परत फिरा, स्वस्त असलं तरी.

आणलेली पिशवी लगेच ओतू नका. १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घाला.