अव्होकॅडोचा रंग व आरोग्य

मेक्सिकोकडील अव्होकॅडो हें फळ चिरून ठेवलें कीं, त्याचा हिरवा, लोण्यासारखा गर थोड्याच वेळांत तपकिरी होतो. सुरीनें पेशी फाटतात, त्यांतील पॉलिफिनॉल द्रव्यें व एक विकर एकत्र येतात आणि हवेंतील प्राणवायूमुळें रंग पालटतो. चिरलेलें वांगें काळें पडतें तें याच कारणानें. हें कुजणें नव्हे. वरचा थर खरवडून खालचा गर खुशाल खावा. आंबूस वास, बुरशी वा बुळबुळीतपणा आढळल्यास मात्र फळ टाकून द्यावें.

लिंबाचा रस लावून, हवा न लागेल असें झांकून शीतकपाटांत ठेवल्यास गर एखादा दिवस हिरवा राहतो. परंतु वांग्याप्रमाणें हें फळ पाण्यांत बुडवून ठेवूं नये. सालीवरील लिस्टेरिया व साल्मोनेला हे जंतू त्या पाण्यांत वाढूं शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२२ सालीं दिला. वांगें शिजतांना जंतू मरतात; हें फळ बहुधा कच्चेंच खातात. सुरीबरोबर सालीवरील जंतू गरांत उतरतात, म्हणून फळ आधीं धुवून पुसावें, मगच चिरावें. गर्भवती व वृद्ध यांनीं तर ही दक्षता कधींच चुकवूं नये. लिस्टेरिया त्यांना अधिक बाधतो.