खेड्यातील स्वावलंबन : आपल्या वस्तीचा हिशेब

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि पुणे, मुंबई, हैदराबाद येथे पोटासाठी गेलेली आपली माणसे पायी, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोटकडील वस्त्यांत परतली. त्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही काही कार्यकर्ते शिधा घेऊन फिरत होतो. एका वस्तीत समोरासमोर दोन घरे होती. एका घरात चार तरुण परत आले होते. अंगावर चांगले कपडे, हातात महागाचे मोबाईल, आणि घरात आठ दिवसांचे पीठ नव्हते. समोरच्या घरात एक विधवा बाई, तिची सून आणि दोन नातवंडे. कणगीत ज्वारी, मडक्यात तूर, दारात चार शेळ्या. आम्ही पिशवी पुढे केली तेव्हा ती माय म्हणाली, "मला नको दादा, त्या पोरायला द्या."

त्या मायच्या घरी काय होते आणि त्या पोरांच्या घरी काय नव्हते, याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेड्यात साधेपणाने राहा, स्वावलंबी व्हा, असा उपदेश या देशात पुष्कळांनी केला. पण त्यांच्या स्वयंपूर्ण खेड्यात आपल्या वाट्याला काय होते? मेलेली ढोरे ओढणे, वेसकरकी आणि संध्याकाळी दारोदार मागितलेली भाकर. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर शब्द काढले, ते याच अनुभवातून. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर दंगली उसळल्या. तेव्हा नांदेड-परभणी भागातील वस्त्यांनी काय सोसले हे आपल्या घरातील वडीलधारी माणसे सांगतातच. बहिष्कार पडला की मजुरी बंद, दुकान बंद, पिठाची गिरणीसुद्धा बंद. म्हणून आम्ही ज्याला स्वावलंबन म्हणतो ते जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणे नव्हे. कुणा एका माणसाने 'नाही' म्हटले की ज्या घराची चूल विझते ते घर परावलंबी, मग त्या घरावर स्लॅब असो की पत्रे असोत. हे माप लावून पाहिले तर जुनी वेसकरकी गेली, पण तिच्या जागी नवी आली आहे. तिचे नाव उचल.

दसऱ्याच्या सुमारास मुकादम येतो, नवरा-बायकोच्या एका कोयत्यामागे उचल देतो, आणि ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघते. ती उचल जाते कशात? आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा लग्नात, दवाखान्यात किंवा आधीचे कर्ज फेडण्यात. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, पुढच्या वर्षीचा कोयता आधीच बांधलेला. मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती सुटतेच. वीटभट्टीचीही हीच कथा. कष्टाला आपण कधीच मागे नव्हतो. पण ज्याची मजुरी आधीच खर्च झाली आहे, त्याला मजुरीचा भाव ठरवता येत नाही.

ज्यांच्याकडे दोन-तीन एकर जमीन आहे ते तरी निश्चिंत आहेत काय? लातूरचा बाजार पाहा. २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. ते पाहून ज्यांनी बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच पेरले, त्यांनी २०२४ च्या दिवाळीत चार-साडेचार हजारांनी विकले. त्या वर्षी सरकारचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने त्याच मुलखातील उभी पिके पाण्यात गेली. पाऊस आपल्या हाती नाही, भावही नाही. मग आपल्या हाती काय आहे? निदान वर्षाची भाकर आहे.

तिचा हिशेब अवघड नाही. पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला तीनशे ग्रॅम ज्वारी धरली तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागते. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते जमेस धरले तर ज्वारीची गरज आणखी कमी होते. बऱ्या पावसात जिरायत रानात एकरी चार ते सहा क्विंटल रब्बी ज्वारी होते, वर जनावरांना कडबा. म्हणजे एका एकरात घराची भाकर निघते. बाकीच्या रानात सोयाबीन खुशाल पेरा. त्यात तुरीच्या ओळी टाका म्हणजे वरणाची सोय झाली. बांधाला अंबाडी, थोडे जवस, कारळे, करडई. आपल्या आया हे सगळे करीतच होत्या. आपण ते मागासलेपणाचे लक्षण समजून सोडले आणि आता तेच तेल, तीच चटणी दुकानातून पिशवीत आणतो.

ज्वारी का सोडली, याची कारणे मात्र खरी आहेत. काढणीला माणूस मिळत नाही, आणि शिवारात एकाचीच ज्वारी असली तर सगळी पाखरे त्याच्याच रानात उतरतात. राखण करून करून माणूस थकतो आणि पुढच्या वर्षी नाद सोडतो. यावर उपाय एकट्याने होत नाही. पाच-सहा घरांनी लगतच्या रानात ज्वारी धरावी, राखण पाळीने करावी, काढणीला एकमेकांकडे सावड करावी. सावड हा शब्द नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

या बाबतीत लातूर-धाराशिव भागातील बायकांनी जे करून दाखवले ते सांगण्यासारखे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगामातीच्या भिंतींखाली गेली. पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना पुढे केले. घरबांधणीवर लक्ष ठेवण्यापासून सुरुवात झाली, पुढे बचत गट आले आणि दुष्काळाच्या वर्षांत शेती. घरच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर तुकडा बाईकडे द्यायचा, त्यात काय पेरायचे ते तिने ठरवायचे, आणि आधी घरात खायला लागेल ते पेरायचे. धान्य, कडधान्य, भाजीपाला असे मिश्र पीक, खत शेणा-गोमुत्राचे. उरले तर विकायचे. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आम्हाला पुरस्काराहून ती अट मोलाची वाटते. पीक बाईने ठरवायचे. पुरुष बाजाराकडे पाहून पेरतो, बाई चुलीकडे पाहून पेरते. हे पुष्कळ पुरुष वाचकांना रुचणार नाही, पण त्यांनी आपल्याच घरात विचारून पाहावे.

आता कुणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण जमीन कुठे आहे? हा प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांची जमीन म्हणजे गायरान, आणि तेही फुकट मिळालेले नाही. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या बळावर पुढे शासनाने निर्णय काढले. १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी शेतीसाठी कसलेली गायराने नियमित करण्याचे ठरले. निर्णय झाला, परंतु पुष्कळांचा सातबारा झाला नाही. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा गावोगाव आल्या, तेव्हा आमच्याकडे रोज माणसे येत. तीस-चाळीस वर्षे कसणाऱ्याच्या हाती कागद विचारला तर दंडाची एखादी पावती, तीही उंदराने कुरतडलेली.

म्हणून गायरानधारकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असते, तिची नक्कल काढून ठेवा. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, पीकपाण्याच्या नोंदी, वडिलांच्या सत्याग्रहातील अटकेचा कागद असेल तर तोही, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि छायाप्रतींचा एक संच दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि ते रान पडीक ठेवू नका.

ज्यांच्याकडे गायरानही नाही त्यांच्यासाठी दादासाहेबांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४-०५ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळावी असा तिचा हेतू. पूर्वी निम्मे कर्ज असे, २०१८ पासून सर्व रक्कम अनुदान झाली. विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. मात्र शासनाच्या दरात जमीन विकायला कुणी सहसा तयार होत नाही. तेव्हा नुसता अर्ज टाकून वाट पाहू नये. गावात कोण जमीन विकणार आहे याची बातमी आधी आपणच काढावी आणि ती समाजकल्याण कार्यालयात लेखी द्यावी.

जमीन नसली तरी शेळी पाळता येते. त्या मायच्या दारात ज्या चार शेळ्या होत्या त्या उस्मानाबादी जातीच्या. काळी, काटक, आमच्या उन्हाला आणि काटेरी पाल्याला सरावलेली, आणि पुष्कळदा जुळी देणारी. आमच्याच भागातून देवणी आणि लाल कंधारी या गायबैलांच्या नामांकित जाती निघाल्या, पण त्यांना वैरण लागते, ती भूमिहीनाने आणायची कुठून? शेळी बाभळीच्या शेंगांवरही तगते. दोन शेळ्यांपासून सुरुवात करा, बाहेरची महागडी जात घेऊ नका, आणि पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यातून आंत्रविषाराची लस टोचून घ्या. पी.पी.आर.ची लस कधी टोचायची तेही तेथेच विचारा. लशीचा कंटाळा करणाऱ्यांचे कळप आम्ही आठ दिवसांत रिकामे झालेले पाहिले आहेत.

पैशाकडे वळू. सावकाराचा दर शेकडा पाच म्हणजे दहा हजारांवर वर्षाला सहा हजार व्याज. दहा बायकांनी महिना शंभर रुपये टाकले तर वर्षात बारा हजार जमतात. गटातून शेकडा दोनने उचलले तर व्याज चोवीसशे, आणि ते गटातच राहते. हे सर्वांना ठाऊक आहे, तरी गट मोडतात. आम्ही स्वतः सुरू केलेला एक गट तिसऱ्या वर्षी मोडला. वही एका शिकलेल्या माणसाच्या हाती दिली होती, तो सज्जन आहे म्हणून कुणी पाहिली नाही. शेवटी किती जमले आणि कुणाकडे गेले याचा मेळच बसेना. दोष त्याचा होता तितकाच आमचा. त्यानंतरच्या गटात आम्ही रविवारच्या वंदनेनंतर वही मोठ्याने वाचण्याचा नियम केला. ज्यांना वाचता येत नाही त्या बायकाच चुका जास्त पकडतात, असा अनुभव आहे. सावकारीपायी जमीन गेली असेल तर २०१४ च्या कायद्याने १५ वर्षांच्या आत जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, हेही लक्षात असावे.

भगवंतांनी कोलिय दीघजाणूला गृहस्थाच्या सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समजीविता, म्हणजे आय पाहून व्यय. उधळ्या माणसाला तेथे उंबर खाणाऱ्याची उपमा आहे. आपल्या वस्तीत पहिल्या गोष्टीची कमतरता नाही, चौथीची आहे. बौद्ध पद्धतीचे लग्न विहारात तासाभरात होते. बाबासाहेबांची प्रतिमा, बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, वधूवरांच्या प्रतिज्ञा, याला किती खर्च येतो? तरी आपण मंडप, डीजे, पाचशे पानांचे जेवण करतो आणि त्यासाठी मुकादमाच्या दारी जातो. दारूविषयी लिहिण्याची इच्छा नाही, ज्याचे त्याला कळते.

शेवटी बियाण्याचे सांगून थांबतो, कारण दरवर्षी फसवणूक तेथेच होते. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात दुकानातून आणलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा तक्रारींचा ढीग पडला होता. सोयाबीन हे सरळ वाण आहे, घरचे बी तीन वर्षांपर्यंत वापरता येते. मात्र त्याचे साल नाजूक. मळणीयंत्र हळू चालवावे, पोते उंचावरून आपटू नये, थप्पी उंच लावू नये. वैशाख पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. येताना प्रत्येकाने मूठभर बी आणावे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडावे, गुंडाळून सावलीत ठेवावे, रोज पाणी शिंपडावे. सात-आठ दिवसांनी मुलांना मोजायला बसवावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी तीस किलो पुरते. साठ-पासष्ट उगवले तर बी थोडे वाढवावे. त्याहून कमी असेल तर दुसऱ्याच्या घरचे बदलून घ्यावे, मृगाला अजून काही दिवस असतात.