लोहाराचे दुसरे पाणी

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद हा कापूस पिकविणारा तालुका. अशा भागात मृगाच्या आधी वखराच्या पासा, विळे, कुऱ्हाडी लोहाराकडे जातात. धार काढून झाली की लोहार अवजाराला ‘पाणी पाजतो’. ते नीट जमले नाही, तर धार वळते किंवा तिचा टवका उडतो आणि ऐन हंगामात काम अडते. पण पोलाद काही पाणी पीत नाही. मग नेमके घडते काय?

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. धारेच्या अवजारांत तो साधारणपणे ०.६ ते १.३ टक्के असतो. साध्या खिळ्यात पाव टक्क्याहूनही कमी. म्हणूनच खिळ्याला कितीही पाणी पाजले, तरी त्याची छिन्नी होत नाही.

पोलाद सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापले, की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते. या मांडणीत कार्बनचे अणू सहज सामावतात. तेच पोलाद सावकाश थंड झाले, तर अणू जुन्या मांडणीत परततात. तिथे कार्बनला जवळजवळ जागाच नसते. तो बाहेर पडून लोखंडाशी संयोग पावतो आणि पोलाद मऊ राहते. पाण्यात एकदम बुडविल्यास मात्र कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. या रचनेला जर्मन अभियंता आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. ती अतिशय कठीण, पण काचेसारखी ठिसूळ असते.

म्हणून छिन्नीसारख्या अवजाराची लोहार फक्त धार बुडवितो व लगेच बाहेर काढून घासतो. मागच्या भागातील उष्णता धारेकडे सरकते आणि चकचकीत पृष्ठावर रंग चढू लागतात: सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांजवळ निळा. या वेळी अडकलेला थोडा कार्बन बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो, ताण कमी होतो व चिवटपणा येतो. हवा तो रंग दिसताच लोहार सगळे अवजार बुडवितो. पहिले पाणी कठीणपणा देते. दुसरे पाणी, मऊ होणे जिथल्या तिथे थांबविते.

वर्गात शिवणाच्या तीन जाड सुया घ्याव्यात. तिन्ही गॅसच्या ज्योतीत लाल कराव्यात. एक हवेत सावकाश निवू द्यावी. दोन पाण्यात टाकाव्यात. त्यांतील एक घासून, पत्र्यावर ठेवून निळी होईपर्यंत हळूहळू तापवावी. पहिली वाकेल, दुसरी मोडेल, तिसरी वाकून पुन्हा सरळ होईल. सुया शिक्षकांनीच पकडीने धरून, कापडाखाली वाकवाव्यात. तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून सर्वांनी चष्मे लावावेत.

नंतर विद्यार्थ्यांना लोहाराकडे न्यावे आणि एक प्रश्न द्यावा: तापलेल्या पोलादाचा रंग पाहायला तो सावलीतच का बसतो?