फायबरच्या होडीला रोलरचा हात

पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. या दोन महिन्यांत कोकण किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, माणसंही मोकळी असतात, म्हणून रंगकाम याच दिवसांत उरकायचा रिवाज पडला आहे. साध्या ऑइल पेंटचं त्यात कसंबसं निभावून जातं. पण फायबरच्या होडीवर बेस आणि हार्डनर अशा दोन डब्यांत येणारा पॉलियुरेथेन रंग लावायचा असेल, तर जुलैइतका वाईट महिना दुसरा नाही.

या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते बेसमधल्या रेझिनशी जोडलं गेलं की कडक, चकचकीत थर तयार होतो. पण त्याला पाणीही तितकंच चालतं. ओल मिळाली की ते तिच्याशी जुळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, थरात बारीक फोड येतात आणि चमक मरते. म्हणून रंगवायच्या पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू २६ च्या वर जातो. प्लास्टिकचा मांडव घातला तरी हे गणित बदलत नाही. मे महिन्यात ३२ अंश आणि ७० टक्के असताना दवबिंदू २६ च्या आसपास राहतो, म्हणजे सहा अंशांची मोकळीक मिळते. होडी हौसेची असेल तर सरळ डिसेंबर धरावा. पोटापाण्याची असेल तर हंगामाचा शेवटचा आठवडा सोडून मेमध्येच वर घ्यावी, असं माझं मत. आठवड्याची मासळी बुडते हे खरं, पण रंग टिकतो.

आता तयारी. आधी होडी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचं आणि मग मेण, तेल, डिझेलचा चिकटा पुसायचा. पुसताना दोन फडकी लागतात: एक थिनरचं ओलं आणि लगेच मागून दुसरं कोरडं. एकाच फडक्याने पुसलं तर चिकटा निघत नाही, फक्त पसरतो. हे सगळं घासण्याच्या आधी, नाहीतर पॉलिश पेपर तोच चिकटा जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या वरच्या थराच्या, ओरखड्यांत दाबून बसवतो. पुसून झालं की पाणी मारून बघावं. पाण्याचा सलग पडदा राहिला तर ठीक; थेंब गोळा झाले तर मेण अजून आहे.

मग १२० किंवा १८० नंबरच्या पेपरने जुनी चमक पूर्ण मारायची, खड्डे आणि भेगा इपॉक्सी पुट्टीने भरायच्या, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यायचे आणि ३२० नंबरने घासायचं. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा गुळगुळीत चिकट थर येतो. तो पाण्यानेच जातो, तेव्हा घासण्याआधी ओल्या घासणीने धुऊन होडी पूर्ण वाळू द्यावी. रंग निवडताना एवढं ध्यानात असावं की गडद निळा प्रत्येक पोचा दाखवतो आणि उन्हात तापतो; पांढरा बरंच पोटात घालतो.

सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागाला पॉलियुरेथेन रंग लावायचा नाही, तिथे तो फुगून सुटतो. होडी भरलेली असताना पाणी कुठवर चढतं ते पाहून त्याच्या किंचित वर टेप मारावी. टेपच्या खाली शंखशिंपल्यांना अडवणारा वेगळा रंग येतो.

वीस फुटी होडीच्या दोन्ही बाजू आणि मागची फळी मिळून साधारण दहा चौरस मीटर भरतात. एका हाताला लिटरभर रंग, म्हणजे तीन हातांना तीन लिटर. बेस-हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, मापाने, अंदाजाने नाही. थिनर त्याच कंपनीचा, ब्रशने लावण्यासाठीचा. फवाऱ्याचा थिनर फार लवकर उडतो आणि मेच्या उन्हात तर रंग पसरायच्या आत धरतो.

रोलरने चमक येईल की नाही हे या पसरण्यावरच ठरतं. रोलर रंग समान वाटतो, पण मागे बुडबुडे आणि दाणे ठेवतो. रंग ओला असेतो हे दाणे आपोआप सपाट होत असतात. आपण त्याला फक्त वेळ मिळवून द्यायचा. म्हणून माणसं दोन लागतात. पहिला चार इंची, थिनरने न विरघळणाऱ्या बारीक फोमच्या रोलरने वरपासून टेपपर्यंत दीड-दोन फुटांचा पट्टा पातळ लावतो. दुसरा मऊ ब्रशचं नुसतं टोक, मोरपीस फिरवावं तसं, त्यावरून कोरड्या भागाकडून ओल्याकडे नेतो. एकदाच. ब्रश दुसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरत नाही, आणि खुणा उठतात त्या त्यामुळेच. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच जोडायचा. मध्येच चहाला थांबलात तर तिथे जोड कायमचा दिसतो. थांबायचंच असेल तर नाळेपाशी किंवा मागच्या कोपऱ्यात थांबावं.

सकाळचं दव उडून गेल्यावर सावलीच्या बाजूने सुरुवात करावी आणि संध्याकाळचं दव उतरण्याच्या बरंच आधी आवरावं. जाड हात दिला तर ओघळ येतात, म्हणून तीन पातळ हात बरे; दोन हातांमध्ये एक रात्र आणि ४०० नंबरचं हलकं घासणं.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. आयसोसायनेटची ॲलर्जी एकदा जडली की दमा मागे लागू शकतो. सेंद्रिय वाफ अडवणाऱ्या काडतुसाचा मास्क, हातमोजे आणि वाहती हवा हवी. हाच रंग स्प्रेने मारायचा तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या माणसाने रोलर धरण्याचं हे सर्वांत मोठं कारण.

टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, तिरकी ओढून काढावी. हाताला सुकलेला रंग आतून पक्का व्हायला आणखी आठवडाभर घेतो. तोवर त्यावर दोर घासू देऊ नये आणि ताडपत्री अंगाला चिकटेल अशी टाकू नये. शाकारताना बांबूचा सांगाडा थोडा उंच बांधला की खालून वारा खेळता राहतो.